परस्पर दिलेला नकार

फोन आला तेव्हा सुरुचीच्या हातात कुणातरी बाईची वरची दाढ होती. टिळक रस्त्यामागच्या गल्लीत श्यामसुंदर यांची डेंटल लॅब होती. शहरातले डॉक्टर पेशंटच्या दातांची मापं तिथे पाठवत आणि खाली मान घालून बसलेली आठ माणसं त्यावरून दात घडवत. रंग जुळवायचं अवघड काम आलं की डॉक्टर सुरुचीचं नाव घेऊन सांगायचे, "त्या मॅडमकडेच द्या."

नंबर अनोळखी होता. तिने दाढ जपून ट्रेमध्ये ठेवली आणि ती जिन्यात गेली.

"अवधूतरावांच्या घरनं बोलताय न्हवं?" पलीकडचा आवाज मोठा आणि मोकळा होता. "मी मच्छिंद्र, तासगावहून. नव्या डेअरीचा मॅनेजर. कामावर फोन आत नेत न्हाईत, घरच्या नंबरवर लावा, असं अवधूतराव मुलाखतीला म्हणाले हुते."

"हो, मी त्यांची मिसेस."

"मग पेढे वाटा वहिनी. आम्हास्नी माणूस पसंत हाय. दूध तपासायची सगळी लॅब त्यांच्या हाताखाली. फकस्त शुक्रवारपर्यंत होकार कळवा. दुसरा एक जण थांबलाय."

"सांगते," सुरुची म्हणाली. "संध्याकाळी घरी आले की सांगते."

आणि तिला खरोखरच सांगायचं होतं. पुढे कितीतरी दिवस ती स्वतःला हेच पटवत राहिली.

पुणं सोडायचं की नाही, हा विषय त्यांच्या घरात वर्षभर चालू होता. घरात म्हणजे स्कूटरवर. सहा वर्षांच्या शेफालीला सकाळी शाळेच्या व्हॅनमध्ये बसवलं की अवधूत सुरुचीला कात्रजहून स्वारगेटपर्यंत सोडायचा आणि तिथून हडपसरच्या पुढे, एका खासगी डेअरीच्या लॅबमध्ये, आपल्या कामावर जायचा. नवरा-बायकोला निवांत म्हणावा असा तेवढाच वेळ मिळायचा. बालाजीनगरच्या सिग्नलला गाडी अडकली की तो हेल्मेटची काच वर करायचा.

"घरमालकाचा मेसेज आलाय. मार्चपासून नवीन भाडं, नाहीतर फ्लॅट मोकळा करा."

"परत?"

"परत काय, चार वर्षांत हे तिसरं घर. शेफालीला वाटतं, दिवाळीची सुट्टी असते तशी घर बदलायची पण सुट्टी असते."

अवधूतचं म्हणणं सरळ होतं. तासगावजवळ त्याचं गाव. वडील, माधव, एसटीत कंडक्टर होते, आता निवृत्त. स्वतःचं घर, पुढे अंगण. आई, तुळजाबाई, नातीच्या नावाने रोज एक फोन करणार. इथे दोघं कमावत होते आणि मूल शाळेनंतर संध्याकाळपर्यंत पाळणाघरात. "आपण इथे राहायचे पैसे भरतो नुसते," तो म्हणायचा. "राहतो कधी?"

सुरुचीला त्यातलं एकही वाक्य खोडता यायचं नाही. पुण्यात तिचं तरी काय होतं? ती वाढली खडकीच्या फॅक्टरी क्वार्टर्समध्ये. वडील निवृत्त झाले, क्वार्टर परत गेलं, आई-वडील भावाकडे नाशिकला. सासरची माणसंही वाईट असती तर निदान बोलायला तोंड असतं. पण सासूने तिला कधी टाकून बोललेलं नव्हतं. सासरे तर ती आली की स्वतः उठून पंख्याचं तोंड तिच्याकडे करायचे.

तरी तिकडे चार दिवस झाले की तिचा श्वास लहान व्हायचा. दाराबाहेर पाय टाकला की कुणीतरी विचारायचं, कुठं निघालीस? प्रेमानेच विचारायचं. इथे काम सुटलं की ती कधीकधी दहा मिनिटं उसाच्या गुऱ्हाळात एकटी बसायची. ती त्या वेळी कुठे आहे, हे जगात कुणालाही माहीत नसायचं. त्या दहा मिनिटांसाठी तिला पुणं हवं होतं. नवऱ्याच्या आणि लेकीच्या सगळ्या आयुष्यासमोर हे कारण इतकं फुटकळ वाटायचं, की ते बोलून दाखवायची तिला लाज वाटे. म्हणून विषय निघाला की ती म्हणायची, "बघू. तुझं होऊ दे आधी." मुलाखतीला जाताना त्याच्या शर्टाला इस्त्रीही तिनेच करून दिली होती.

फोन आला त्या मंगळवारी अवधूत घरी आला, दारात बसून बूट काढायला लागला आणि मान वर न करताच त्याने विचारलं, "कुणाचा फोन आला का?"

"नाही," ती म्हणाली.

शब्द तोंडातून गेला आणि मग तिला कळलं की तो गेला. परत घेण्याइतका वेळ होता. अवधूत दुसरा बूट काढत होता. पण शेफाली वही घेऊन आली, कुकरची शिट्टी झाली आणि वेळ निघून गेली. बुधवारी सांगायचं तर आधी मंगळवारचं 'नाही' निस्तरावं लागलं असतं. गुरुवारी दोन दिवसांचं.

शुक्रवारी दुपारी मच्छिंद्रचा पुन्हा फोन आला. सुरुची जिन्यात गेली. आपण काय बोलणार आहोत, हे तिला पहिली पायरी उतरताना माहीत नव्हतं. तिसऱ्या पायरीवर ती बोलून मोकळी झाली होती.

"त्यांना जमणार नाही म्हणतात. घरच्या अडचणी आहेत."

"असं? मुलाखतीला तर लई उत्साहात दिसले," मच्छिंद्र म्हणाला. "सवता बोलले असते तर बरं वाटलं असतं. असू द्या, वहिनी."

तिने तो नंबर यादीतून पुसून टाकला आणि जागेवर जाऊन बसली. त्या संध्याकाळी पाच वर्षांत पहिल्यांदा तिने रंग चुकवला. श्यामसुंदर यांनी दात उजेडात धरून पाहिला. "सुरुचीबाई, हा माणसाच्या तोंडात बसवायचाय. बाथरूमच्या भिंतीत नाही." सगळे हसले. तीही हसली.

मुलाखत संपताना अवधूतला सांगितलं होतं, झालं तर आठ दिवसांत कळवू, नाही कळवलं तर समजून घ्या. तो आठ दिवस थांबला, वर आणखी चार दिवस. सकाळी स्कूटरला किल्ली लावण्याआधी एकदा फोन बघायचा. सुरुची मागे बसलेली असायची आणि त्याच्या खांद्यावरून तिला ते दिसायचं. बाराव्या दिवशी सिग्नलला त्याने काच वर केली नाही. गाडी पुढे गेल्यावर वाऱ्यात म्हणाला, "नाही झालं वाटतं."

"दुसरीकडे होईल," ती म्हणाली. तिच्या कानाला स्वतःचाच आवाज परक्यासारखा लागला.

तो चिडला असता, डेअरीवाल्यांना चार शिव्या घातल्या असत्या, तर तिला सोपं गेलं असतं. अवधूतने दोष स्वतःकडे घेतला. मुलाखतीत दुधातल्या भेसळीबद्दल एक प्रश्न विचारला होता, त्याचं उत्तर देताना आपण अडखळलो, असं तो दोन-तीनदा म्हणाला. रविवारी त्याने माळ्यावरून कॉलेजचं जुनं पुस्तक काढलं आणि डायनिंग टेबलावर शेफालीसमोर बसून, तिच्यासारखंच बोट ठेवून वाचायला लागला. बारा वर्षं हेच काम करणारा माणूस. सुरुची भाजी निवडत होती. निवडलेली नि टाकायची भाजी तिने एकाच ताटात केली.

तिकडून सासूबाईंचा फोन आला. "अगं, ह्यांनी वरची खोली रंगवून घेतली हुती," तुळजाबाई म्हणाल्या. "मी म्हटलं, आधी निकाल तरी लागू द्या. ऐकतात होय? असू दे. तू त्याला काय बोलू नगंस. जीवाला लावून घेतो तो."

"नाही बोलणार, आई."

"तू हाईस म्हणून मला घोर न्हाई."

फोन ठेवल्यावर सुरुची बाथरूममध्ये गेली आणि नळ सोडून बराच वेळ नुसती उभी राहिली.

डिसेंबर लागला. नवीन भाडं झेपावं म्हणून अवधूतने रविवारची पाळी मागून घेतली. "माझ्याच्याने बाहेर काही जमत नाही, तर इथे तरी जोर लावतो," तो म्हणाला. "तुझं तरी मस्त चाललंय. तुझं काम सोडायला लागलं नाही, हे एक बरंच झालं." हे तो मनापासून म्हणाला. त्यात टोमणा असता तर तिने ओळखला असता. पुण्यात वाढलेली होती ती.

दुसऱ्या दिवशी तिने लॅबच्या जिन्यातून तासगावच्या डेअरीचा नंबर शोधून काढला आणि फोन लावला. मच्छिंद्रने ओळखलं.

"जागा अजून आहे का हो?"

"भरली की, वहिनी. भिलवडीचा मुलगा हाय, एक तारखेपास्नं रुजू झाला. का हो? तुम्हीच तर न्हाई म्हणाला हुता."

"हो," सुरुची म्हणाली. "मीच म्हणाले होते."

आता सांगूनही काही परत येणार नव्हतं. उलट न सांगितलं तर कुणाला कळणारही नव्हतं. ती या दोन गोष्टी चार दिवस मनात फिरवत राहिली, आणि दुसरीकडे आपलं मन जास्त वेळ रेंगाळतं, हेही तिला दिसत होतं.

मग शेफालीच्या गॅदरिंगची निवड झाली. वर्गातल्या मुलींच्या नाचात शेफालीला घेतलं नाही. ती संध्याकाळी कोपऱ्यात तोंड करून बसली. जेवेना. अवधूत कामावरून आला, तसाच तिच्याशेजारी जमिनीवर बसला. सुरुची ओट्याशी पोळ्या लाटत होती.

"टीचर म्हणाल्या माझी स्टेप चुकते," शेफाली रडत म्हणाली.

"चुकते तर चुकते. बाबाची पण चुकली."

"तू कुठे नाचतोस?"

"नाचत नाही गं. बाबा एका मोठ्या परीक्षेला गेला होता, आजीच्या गावाला. तिथे बाबाला नाही घेतलं. बाबा कच्चा पडला. मग काय झालं? बाबा परत अभ्यास करतोय ना? रडला का?"

शेफालीने त्याच्याकडे पाहिलं. "तू कच्चा आहेस?"

"थोडा आहे," अवधूत म्हणाला आणि हसला.

सुरुचीने गॅस बंद केला. तव्यावरची पोळी तशीच राहिली. तिने शेफालीला शेजारच्या राधाकाकूंकडे पाठवलं, परत येऊन अवधूतसमोर जमिनीवरच बसली आणि पीठ लागलेले हात मांडीवर ठेवून तिने सगळं सांगितलं. मंगळवारचा फोन, 'नाही', शुक्रवारचा फोन, चार दिवसांपूर्वीचा फोन. काही गाळलं नाही. सांगताना ती रडली नाही. आपल्याला रडायचा हक्क नाही, असं तिला वाटत होतं.

अवधूतने विचारलं, "म्हणजे मला घेतलं होतं?"

"हो."

"पसंत होतो मी त्यांना?"

"लॅब तुझ्या हाताखाली देणार होते."

त्याचा चेहरा क्षणभर असा उजळला की सुरुचीला तो बघवला नाही. एवढ्या दिवसांनी तो ताठ बसला. आणि मग ते उजळणं हळूहळू गेलं. तो उठला आणि खिडकीशी जाऊन उभा राहिला.

"मला नाही जायचं, एवढंच म्हणायचंस," तो पाठमोराच बोलला. "एवढंच. मी थांबलो असतो."

"माहीत होतं मला. म्हणूनच बोलले नाही. तू थांबला असतास, आणि माझ्यामुळे थांबलास असं जन्मभर राहिलं असतं."

"आणि हे बरं? मी रोज सकाळी स्वतःला नापास करत होतो. तू मागे बसून बघत होतीस."

सुरुची उठली आणि राधाकाकूंकडून शेफालीला घेऊन आली.

आठवडाभर तो कामापुरतं बोलला. डबा, व्हॅन, गॅस सिलिंडर. स्कूटरवर तिला सोडत होता, पण सिग्नलला समोर बघत बसायचा. रविवारी पाळीवर निघण्यापूर्वी त्याने गावी फोन लावला. सुरुची शेफालीची वेणी घालत होती. तिच्या समोरच तो वडिलांना म्हणाला, "आबा, ते डेअरीचं झालं होतं. मीच नको म्हटलं. तुम्हाला सांगायचं धाडस झालं नाही." पलीकडून काय उत्तर आलं, ते ऐकू आलं नाही. पण फोन लवकर बंद झाला.

"असं का सांगितलंस?" सुरुचीच्या हातातून वेणीचा पेड सुटला.

"मी नापास झालो, असं त्यांना वाटत राहायला नको होतं. आणि तुझं नाव सांगितलं असतं, तर तुला त्या घरात परत पाऊल टाकता आलं असतं का?"

"मग आता ते तुझ्यावर रागावणार."

"रागावू देत. मुलावरचा राग उतरतो."

त्याने हेल्मेट उचललं आणि तो गेला. सुरुचीला वाटलं, त्याने चार माणसांत ओरडून सांगितलं असतं तरी एवढं लागलं नसतं. आधी तिने त्याची नोकरी घालवली होती. आता त्याने तिच्यासाठी वडिलांच्या मनातली जागाही घालवली.

पुढच्या शनिवारी तिने रजा काढली. अवधूतला सांगितलं, "मी शेफालीला घेऊन गावी जातेय. उद्या परत येते." त्याने कशाला म्हणून विचारलं नाही. कदाचित ओळखलं असावं. स्वारगेटला बसमध्ये बसवून दिलं आणि शेफालीला खिडकीतून चिक्की दिली.

दुपारी ती घरी पोचली तेव्हा सासरे ओसरीवर होते. नातीला उचलून घेतलं, पण सुरुचीला नेहमीसारखं 'प्रवास कसा झाला' म्हणून विचारलं नाही. सासूबाई मागच्या अंगणात शेंगा फोडत होत्या. सुरुची त्यांच्याजवळ बसली. एक मूठ शेंगा घेऊन तीही फोडायला लागली, आणि फोडता फोडता म्हणाली, "आई, अवधूतनं नको म्हटलेलं नव्हतं. त्याला कळलंच नव्हतं. फोन मला आला होता. मी परस्पर नाही म्हणून सांगितलं."

तुळजाबाईंचे हात थांबले नाहीत.

"आमचं काय चुकलं हुतं?" त्यांनी विचारलं.

"काही नाही. तुमचं काहीच चुकलं नाही. मला इथे... मला कोणी विचारत राहिलं की कोंडल्यासारखं होतं. तुम्ही मायेनं विचारता, ते कळतं मला. तरी होतं."

"हे तू मला कधी बोलली न्हाईस."

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"आता काय बरं वाटलं व्हय?" तुळजाबाईंनी टरफलं झटकली. डोळे पुसले नाहीत, पण पदर हातात धरून ठेवला. "मी रागावलेय, सुरुची. लई रागावलेय. चार-सहा म्हैने मला राग ऱ्हाईल. आता उठ, हातपाय धू, जेवून घे. सकाळपास्नं उपाशी असशील."

ताट त्यांनी वाढलं होतं, म्हणून सुरुचीने ते संपवलं. सासऱ्यांना सासूबाईंनीच आत जाऊन सांगितलं. ते बाहेर आले आणि त्यांनी आधी मुलाला फोन लावला. "अवधूत, जेवलास का?" एवढंच विचारलं. सुरुचीशी ते त्या दिवशी बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी निघताना बसपर्यंत पिशवी मात्र त्यांनीच धरली.

ती परतल्यावर अवधूत म्हणाला, "आता एकदा सरळ बोल. तुला काय हवंय?"

इतक्या दिवसांत तिला पहिल्यांदा कुणीतरी हे विचारलं होतं. आधी विचारलं असतं तर आपण खरं सांगितलं असतं का, याची तिला खात्री नव्हती.

"मला पुणं सोडायचं नाही. निदान आत्ता नाही. आणि पुढे कधी सोडलं, तर तासगावात वेगळं घर करू. आईंच्या घरात राहायला मला भीती वाटते."

"मला रोज तीन तास सिग्नलला घालवायचे नाहीत," तो म्हणाला. "आणि शेफाली जागी असताना मला घरी यायचंय."

दोघांचं म्हणणं एकत्र बसवायला जानेवारी गेला. फेब्रुवारीत लोणी काळभोरला, गावाच्या कडेला, दोन खोल्या मिळाल्या. अवधूतला काम जवळ पडणार होतं. लांबचा प्रवास आता सुरुचीने करायचा होता, बस बदलून जाता-येता तीन तास. तो वाटा तिने मागून घेतला. अवधूतने नको म्हटलं नाही. गुऱ्हाळातली दहा मिनिटं आता बसच्या वेळापत्रकात बसणार नव्हती, हे तिने त्याला सांगितलं नाही. तेवढं आपल्यापाशी ठेवलं तर चालेल, असं तिला वाटलं.

खोल्या दाखवायला घरमालक संपत स्वतः आले होते. शेतातून तसेच आलेले, पायाला माती. "ऱ्हाणार किती दिस?" त्यांनी विचारलं. "सा म्हैन्यांत सोडून जाणारी मानसं मला नगंत. आत्ताच सांगा."

अवधूतने तोंड उघडलं, मग थांबला आणि सुरुचीकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता. पण पूर्वीचा सहजपणाही नव्हता. तिच्या मनातलं आपल्याला ठाऊकच आहे, असं तो आता धरून चालत नव्हता.

"दोन वर्षं," सुरुची म्हणाली. "मला इथे राहायचंय, ह्यांना गावाकडे जायचंय. दोन वर्षांनी पुन्हा ठरवू."

संपत यांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "भांडून आलायसा का काय?"

"नाही," अवधूत म्हणाला. "भांडण संपवून आलोय. बरंचसं."

आत शेफाली रिकाम्या खोलीत आवाज घुमतो म्हणून ओरडून बघत होती. अवधूत तिला बघायला आत गेला. सुरुची दारातच उभी राहिली. आतून दोघांचा आवाज येत होता. जरा वेळाने त्याने हाक मारली, "सुरुची, कपाट कुठल्या भिंतीला लावायचं, बघ गं."

चपला दाराशी काढून ती आत गेली.